पाळण्याची फळी

आमच्या शेजारच्या सुतारकाकांना वाकडं म्हणून काही खपत नसे. कोणाकडे गेले तरी आधी एक डोळा मिटून दाराची चौकट बघणार, मग घरच्यांची विचारपूस. त्यांच्यासमोर वाकडं बसायची आमची प्राज्ञा नव्हती.

नात झाली तेव्हा पाळणा त्यांनी स्वतःच केला. पोर मात्र त्यात निजायची मान मागे टाकून, हनुवटी छताकडे. श्वास घेताना शिट्टी वाजायची, दूध पिताना ठसका लागायचा. "आजोबांवर गेलीय, आत्तापासूनच घोरते!" काका कौतुकाने सांगत आणि आम्ही शहाणे हसत असू. ती वाकडी मान तेवढी त्यांना बघवेना.

"बाबा, तिला तसंच बरं वाटतं. राहू दे ना," सून म्हणाली.

"वळण ओल्या लाकडालाच लागतं. उद्या वाकडी मान घेऊन फिरली, की मलाच बोल लावाल!"

त्यांनी उशाशी कापूस लावलेली फळी ठोकली. आता डोकं मागे जाणं शक्यच नव्हतं. सून अंघोळीला गेली तेव्हा त्यांनी पोरीला त्यात निजवलं आणि समाधानाने बघत बसले. शिट्टी वाढली. "होईल सवय," ते म्हणाले. मग शिट्टी थांबली आणि ओठ निळे पडले. काकांच्या हाकेने सून ओलेत्या केसांनी धावत आली. तिने उचलताच पोरीने मान मागे टाकली आणि श्वास घेतला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी समजावलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी जन्मतःच दुभागलेली होती आणि तिचं कडं श्वासनळीभोवती आवळलं होतं. मान मागे टाकली की नळी जरा मोकळी व्हायची. ऑपरेशन करून कडं सोडवावं लागणार होतं.

धरणीने पोटात घ्यावं असं काकांना झालं. कोणी त्यांना चकार शब्द बोललं नाही, तेच त्यांना सोसेना.

ऑपरेशन नीट झालं, पोर घरी आली. काका मात्र तिच्या खोलीत पाऊल टाकेनात. दाराबाहेरूनच विचारायचे, "श्वास बरा आहे ना?" शेवटी सुनेनेच पोर आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. पोरीने सवयीने त्यांच्या हातावर मान मागे टाकली. काकांचा हात अवघडला, पण त्यांनी तो हलवला नाही.

"बाबा, आता सरळ केली तरी चालते. डॉक्टरांनी सांगितलंय."

शरमेने त्यांना सुनेकडे बघवत नव्हतं.

"नको," ते पोरीकडे बघत म्हणाले. "मान तिची आहे. तिची ती करेल."