मार खाल्लेला मामा

आमच्या गल्लीत मार खाण्याला फार मान आहे. ज्याला बापाने जास्त बडवले, तो मोठा माणूस. त्यामुळे बालपणी सोसूनही पुढे नीट उभे राहिलेल्यांचा अभ्यास करायला विद्यापीठातून संयोगिता नावाची मुलगी आली, तेव्हा मंडळाच्या हॉलात बसायला जागा उरली नाही. सयाजीने वळ दाखवायला शर्ट काढला. गणपतराव म्हणाले, आमचा बाप उसाने मारायचा आणि वर तो ऊस खायलाही द्यायचा नाही. चोपल्याशिवाय पोरे टणक होत नाहीत, हे तिला पाचसहा जणांनी समजावले. त्यांची टणक झालेली पोरे आता बापाशी बोलत का नाहीत, हा विषय निघाला नाही.

मग सगळ्यांनी आकारामला पुढे ढकलले. तो गल्लीचा हुकमी एक्का. शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे भरतो. मीही तिथेच भरायचो, म्हणून सांगतो, काम चोख. दारू नाही, शिवी नाही. आई लवकर गेली, बाप बैलाच्या चाबकाने मारायचा. धाकट्या बहिणीच्या, अनुजाच्या वाटणीचा मारही हाच खायचा. लग्न केले नाही.

"त्या माराचं सोनं झालं बघा, मॅडम," सयाजी म्हणाला.

संयोगिताने आकारामला विचारले, लहान मुलांशी तुमचे कसे जमते? ड्युटी आहे म्हणून तो उठून गेला. त्या दिवशी त्याला सुट्टी होती.

अनुजाच्या राजवीरचे जावळ दोनदा पुढे गेले होते. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, आणि या मामाला ऐन वेळी कधी ओव्हरटाइम लागायचा, कधी ताप यायचा. भाच्याला खाऊसुद्धा लांबूनच. एकदा चहा पिताना मला म्हणाला होता, "हात बापाचाच हाय. कवा उठंल, काय सांगायचं?" यावर गल्लीकडे औषध होते: लग्न कर, सगळे विसरशील.

पोराला तिसरे सरत आले. दुसरा कुणी मांडीला बसवू, असे सासरचे म्हणू लागले. अनुजाने फोन केला. "दादा, रविवारी आला न्हाईस तर ऱ्हाऊ देत त्याचं केस तसंच. दुसऱ्याच्या मांडीवर न्हाय बसवणार मी."

रविवारी तो हातकणंगल्याला अनुजाच्या सासरी आला. मांडी घातली, पण हात पाठीमागे बांधून. अनुजाने पोर मांडीवर ठेवले. जोतीराम न्हाव्याने निम्मे डोके केले आणि पोर बिथरले. किंचाळत त्याने मामाच्या तोंडावर एक ठेवून दिली.

मामाचा हात उठला. अनुजा जागची हलली नाही. त्या हाताने जोतीरामचे मनगट धरले.

"थांबा. पोरगं भ्यालंय."

"रडू द्या की, पावणं. रडल्याबिगर जावळ हुतंय व्हय?"

"न्हाय. गप हुईस्तवर थांबायचं."

आम्हीही जावळाला गेलो होतो. एक धपाटा घाल, लगेच गप्प होतंय, असा सयाजीने अनुभवाचा सल्ला दिला. आकारामने तिकडे पाहिलेही नाही. दुसरा हात पुढे घेऊन त्याने पोराला छातीशी धरले.

पंगत खोळंबली. तांबडा रस्सा निवत होता, आणि आमच्याकडे त्याहून मोठा गुन्हा नाही. जोतीराम कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. अर्ध्या डोक्याचे पोर मांडीवरच झोपले.

अनुजाने दादाचे ताट तिथेच आणून ठेवले. हात मोकळे नव्हते, म्हणून तो जेवला नाही.