समुद्राचा नारळ
ओल्या नारळाचा वास आला की मला सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधली एक दुपार आठवते. सुट्टीसाठी दोन क्रूझ कंपन्यांची माहितीपत्रकं पलंगावर पसरली होती. बाबांना एकीचं जेवण पसंत होतं, ताईला दुसरीचा स्विमिंग पूल. लग्न होऊन मालवणहून दिल्लीत आलेल्या आईने एवढंच विचारलं, “जहाजावरून समुद्राला नारळ देता येईल?” ताईने दोन्हीकडे फोन केला. काहीही टाकायला मनाई होती. “मग जे उशिरा सुटतं ते घ्या,” आई म्हणाली. “आधी किनाऱ्यावर जाऊ. समुद्राला न विचारता कसं निघायचं?” मुंबईत जहाजावर चढण्याआधी तिने दिल्लीहून आणलेला नारळ पाण्यात सोडला आणि घरी कधी न बोललेल्या मालवणीत ती समुद्राशी बोलत राहिली. जहाजावरचं जेवण मी केव्हाच विसरले. आई तेव्हा काय बोलली, ते विचारायचं मात्र राहूनच गेलं.