सून डॉक्टर आहे आमची

मी नर्स आहे. जरा जास्त शिकलेली नर्स. पदव्युत्तर शिक्षण, मग उमेदवारी, मग परीक्षा असं सगळं पार पाडल्यावर सिंगापूरने मला अ‍ॅडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्स केलं. म्हणजे इमर्जन्सीत आलेला रुग्ण मी तपासते, एक्स-रे मागवते, टाके घालते आणि अडलंच तर वरिष्ठ डॉक्टरांना विचारते. हे एका दमात सांगून झालं की रुग्ण समजूतदारपणे मान डोलावतो आणि विचारतो, डॉक्टर कधी येणार?

आमचं टीचिंग हॉस्पिटल. तिथे आम्हाला सामावून घेण्यासाठी बऱ्याच मीटिंगा झाल्या. सगळ्यांत लांबली ती गणवेशाच्या रंगाची. डॉक्टरांसारखा दिसला तर डॉक्टरांना खुपणार, नर्ससारखा दिसला तर रुग्ण ऐकणार नाही. शेवटी असा काही करडा रंग निघाला की त्यात लोक मला एक्स-रेवाली समजतात. नव्या डॉक्टरांच्या तुकडीला प्लास्टर घालायला मीच शिकवते. पुढे तेच मोठे होतात आणि मी घातलेलं प्लास्टर तपासायला येतात. यात कोणाचंच काही चुकत नाही, आणि मला त्याची गंमतच वाटते.

माझं खरं दुखणं घरात होतं. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी नातेवाइकांना 'मुलगी हॉस्पिटलमध्ये असते' एवढंच सांगितलं होतं. नर्स हा शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडला नाही. मी ही परीक्षा पास झाले आणि त्यांनी मला परस्पर बढती देऊन टाकली. इथे पासिर रिस भागातल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आले की खाली भेटणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला सांगायचे, "सून डॉक्टर आहे आमची." मी दुरुस्त करायचे. ते म्हणायचे, तेच ते. पुण्याच्या आत्या, म्हणजे त्यांची थोरली बहीण, दर रविवारी व्हिडिओवर मला गुडघे दाखवायच्या आणि मी सांगितलेले व्यायाम नेमाने करायच्या. मला फक्त एकदा बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, तोंडून माझ्या कामाचं खरं नाव ऐकायचं होतं. बाकी काही हट्ट नव्हता.

मागच्या मुक्कामात त्यांनी नारळ फोडताना हात कापून घेतला. इथे खोवलेलं खोबरं पिशवीत मिळतं, पण त्याला म्हणे चव नसते, म्हणून पुण्याहून खास कोयता आणलेला. नवऱ्याने त्यांना टॅक्सीत घालून आमच्याच इमर्जन्सीत आणलं. मी ड्यूटीवर होते. घरच्या माणसावर आपण उपचार करायचे नाहीत असा नियम, त्यामुळे माझी मलाय मैत्रीण, माझ्याच हुद्द्याची, पुढे झाली. मी पडद्याशी उभी राहिले.

बाबा तिला हात दाखवेनात. डॉक्टर हवा म्हणाले. सून इथेच डॉक्टर आहे, तिला विचारा, हेही सांगितलं.

"अंकल," ती इथल्या खास इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "शी सेम लाइक मी लाह. नर्स."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला आणि टाके होईपर्यंत हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, सुटले एकदाची. इतकं हलकं वाटलं की मी स्वतः जाऊन त्यांच्यासाठी कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन आले.

रविवारी आत्यांचा फोन आला. बाबांनी बँडेज कॅमेऱ्यासमोर धरलं. टाके नर्सने घातले, असं त्यांनी आपणहून सांगितलं, आणि डॉक्टरांच्या तोंडात मारतील इतके सुबक घातलेत म्हणाले. स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता माझा हात थांबला. मग सुनेने का नाही घातले, असं आत्यांनी विचारलं.

"छे, ती कशाला टाके घालत बसेल?" बाबा म्हणाले. "ती डॉक्टर आहे."

आधी हसू आलं, मग मात्र डोकंच सणकलं. हात पुसून मी बाहेर गेले आणि फोन घेतला.

"आत्या, मी नर्स आहे. ज्या बाईंनी टाके घातले ना, त्यांच्यासारखीच."

बाबा बँडेजकडे बघत राहिले. आत्या अगदी मायेने म्हणाल्या, "असू दे गं, त्यात काय एवढं. पण मग माझ्या गुडघ्यांचं तिथल्या एखाद्या डॉक्टरांना विचारून सांगशील का?"