दांडीच्या धुक्यात सुधाची पावलं

सुधाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं वडिलांनी जवळजवळ ठरवलं, त्या हिवाळ्यात मी तिला घेऊन मामाकडे बोईसरला निघाले. साठच्या दशकातली गोष्ट. माझी ही धाकटी बहीण तेव्हा वीस वर्षांची होती. तिला एका जागी बसवत नसे. दिवसभर येरझाऱ्या, बोटांची चाळवाचाळव, आणि भांडं पडलं तरी कानांवर हात. अशा मनाला आज नाव आहे, तेव्हा नव्हतं.

मामा तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर फिटर होते. सुरुंगांचे हादरे त्यांच्या खोलीपर्यंत यायचे. पहिल्याच दिवशी सुधा खाटेखाली शिरली.

"हिला दांडीला ने," मामा म्हणाले. "जानकीबाई आहे तिथे, मासे सुकवते. ठेवून घेईल."

दांडी हे तारापूरजवळचं मच्छीमारांचं गाव. तारापूरपर्यंत एसटी, पुढे पायी. जानकीबाईकडे जेवायला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांचं कालवण. तुम्ही गेलात तर ओहोटीची वेळ गावात विचारल्याशिवाय किनाऱ्यावरच्या चिखलात उतरू नका.

दुसऱ्या सकाळी जानकीबाई आम्हाला शिंपल्या वेचायला घेऊन गेली. ती फार हळू चालायची. पाऊल टेकवायची, थांबायची, मग त्यावर भार द्यायची.

"पाय आदी ठेव," ती सुधाला म्हणाली. "खालचा चिखल कसा हाय ते कळू दे. मंग अंग टाक."

सुधा तसं करू लागली. तासाभराने माझ्या लक्षात आलं, तिची बोटं शांत होती.

तेवढ्यात धुकं आलं. किनारा गेला, जानकीबाई दिसेनाशी झाली. पाण्याचा आवाज चारी बाजूंनी येऊ लागला. आमच्या मागे कुणीतरी चिखलातून पाय उपसत चालत होतं. आम्ही थांबलो की तेही थांबायचं. मी घाबरून पळाले आणि गुडघ्यापर्यंत रुतले.

"ताई, ओढू नकोस," सुधा म्हणाली. इतका स्थिर आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "एक पाय. सावकाश. आता दुसरा."

तिने माझा हात धरून मला काठावर आणलं. जानकीबाई तिथे आमची वाट पाहत उभी होती. म्हणजे मागे ती नव्हती.

"मागं कोण होतं?" मी विचारलं.

"माजा धनी दर्यावर गेला तो परत आला नाय," ती म्हणाली. "मंग माजं मन जाग्यावर राहिना. तवापासून मी अशी चालते. धुक्यात मलाबी ऐकू येतं. मी वळून बघत नाय."

आम्ही आठ दिवस राहिलो. सुधा रोज चालली.

घरी परतल्यावर तिची अस्वस्थता गेली नाही. पण ती वाढायला लागली की सुधा अंगणात उतरायची आणि तशीच चालायची. वडील महिनाभर खिडकीतून पाहत राहिले. इस्पितळाचं नाव पुन्हा त्यांनी काढलं नाही.

एका दुपारी आई अंगणात गेली. बरीच वर्षं तिला नीट झोप नव्हती, हे तोवर आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मलाही दाखव गं," ती म्हणाली.

सुधाने तिचा हात हातात घेतला.