साडूंचा कोंबुचा

काळजी करण्याची परीक्षा असती तर माझे साडू जिल्ह्यात पहिले आले असते, आणि निकाल लागेपर्यंत आपण नापास झालो या काळजीने त्यांनी अंथरूण धरलं असतं. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे, नलूचे यजमान. पोलादपूरला गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. हुद्दा डॉक्टरच्या खालचा, पण डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांना तो फरक ठाऊक नव्हता. तिथे ते गुरांचे डॉक्टरच. उंच, किडकिडीत, खांदे जरा पुढे झुकलेले, जणू समोरचा आता काहीतरी वाईट बातमी सांगणार आहे आणि ती नीट ऐकू यायला हवी. महाडला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, आणि नव्वदच्या दशकातल्या त्या दिवसांत दुकानात एक पब्लिक फोनही होता. त्या फोनवर सर्वांत जास्त कोण यायचं तर साडू. “अण्णा, सगळं ठीक ना?” मी म्हणायचो, ठीक आहे. “नाही, तुमचा आवाज खोल वाटला.” मग मी आवाज चढवून सांगावं की उत्तम आहे, तर पलीकडून येई, “एवढ्या मोठ्याने का बोलताय? काही लपवताय का?”

हाच माणूस गुरांपुढे मात्र वेगळाच व्हायचा. एकदा मी त्यांच्याबरोबर जवळच्या कापडे गावी गेलो होतो. म्हैस अडली होती, रेडकू पोटात आडवं. घरची बाई पदर तोंडाला लावून रडत होती, मालक नुसताच गोठ्यात फेऱ्या मारत होता. साडूंनी शर्ट काढून खुंटीला अडकवला, हात खांद्यापर्यंत आत घातला आणि त्या अवस्थेत मालकाला विचारलं, यंदा भात कसं झालं? बाईला म्हणाले, “घाबरू नको गो बाय, येतंय बाहेर.” आणि आलं. ओलं, काळं, थरथरणारं रेडकू गवतावर पडलं, साडूंनी हात धुतले आणि निवांत बसून गूळ खाल्ला. त्यांच्या कपाळावर मला घामाचा एक थेंब दिसला नाही. पण माझ्या मुलाला लस टोचायला नेलं तेव्हा हेच गृहस्थ बरोबर आले होते. नर्सने सुई काढली मात्र, मुलगा रडायच्या आधी हे बाकावरून घसरले. पाणी आधी त्यांच्या तोंडावर मारावं लागलं.

याच्या मुळाशी जे होतं ते आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. नलूचं पहिलं गरोदरपण तिसऱ्या महिन्यातच संपलं होतं. महाडच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं होतं, की असं होतं कधीकधी, यात कुणाची चूक नाही. नलू खूप रडली आणि हळूहळू सावरली. साडूंना मात्र ते ‘कुणाची चूक नाही’ झेपलं नाही. चूक असती तर दुरुस्त करता आली असती! मग त्यांनी स्वतःच चुका शोधायला घेतल्या. ॲल्युमिनियमची पातेली, एसटीचे धक्के, चहा, टीव्हीचा उजेड, गावच्या जत्रेतला मोठा पाळणा, सगळ्यांवर त्यांचा संशय. दोन वर्षांनी नलूला पुन्हा दिवस राहिले तेव्हा त्यांनी हे सगळं घराबाहेर काढलं आणि ‘नैसर्गिक’ हा एकच शब्द घरात ठेवला.

नैसर्गिक म्हणजे नाचणी, शेवग्याचा पाला, खजूर, हातसडीचे तांदूळ, तांब्याच्या भांड्यातलं पाणी. आता यात वाईट काय आहे? काहीच नाही. नलू आवडीने खायची. पण साडू प्रत्येक घासाआधी तो घास तपासायचे. बाजारातली केळी पावडर मारून पिकवतात म्हणून त्यांनी हिरवा घडच आणून झोपायच्या खोलीत टांगला. तो एकदम पिकला, आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, पोस्टमनलासुद्धा, केळी खावी लागली. पुढे कुठल्याशा मासिकात त्यांनी वाचलं की पोटातल्या बाळाला वडिलांचा आवाज ऐकवावा. काय ऐकवावं हे त्यात दिलं नव्हतं. घरात वाचण्यासारखं होतं ते खात्याचं छापील साहित्य. साडू रोज संध्याकाळी नलूच्या पोटाजवळ तोंड नेऊन, गंभीर आवाजात, शेळ्यांच्या रोगांची माहिती वाचायचे. नलू मला म्हणाली, “भाऊजी, हे पोर जन्माला येईल ते लाळ्या-खुरकताची लक्षणं सांगत येईल.”

दिवाळीनंतर साडूंच्या डोंबिवलीच्या चुलत बहिणीचं पत्र आलं. मुंबईकडे तेव्हा एका नव्याच गोष्टीचं वेड पसरलं होतं. चहाच्या गोड पाण्यात वाढणारी एक बुरशीची चकती, तिचं पाणी रोज प्यायलं की पचन सुधारतं, रक्त शुद्ध होतं, आणि आणखी काय काय होतं. नाव कोंबुचा. ही चकती विकत मिळायची नाही, मूळ चकतीला ‘आई’ म्हणायचे, आणि तिचा तुकडा एका घरातून दुसऱ्या घरात दिला जायचा. साडू रजा टाकून डोंबिवलीला गेले आणि वीर स्टेशनवर उतरले ते टॉवेलमध्ये गुंडाळलेली बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरून. रिक्षावाल्याला वाटलं, तान्हं मूल आहे. त्याने हळूच विचारलं, “पोर काय वो? आय कुठं हाय त्याची?” साडूंचं लक्ष बरणीत. ते म्हणाले, “आई डोंबिवलीला राहिली. हा तिचाच तुकडा.” तो बिचारा वीरपासून महाडपर्यंत एकही खड्डा लागू न देता रिक्षा चालवत आला आणि माझ्या दुकानापाशी उतरवताना साडूंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “देवावर सोडा, दादा.”

मी बरणीत डोकावलो. पाण्यात पडून फुगलेलं घावन असावं तसं काहीतरी तपकिरी पाण्यात तरंगत होतं. साडू समजावू लागले. कोरा गोड चहा करायचा, पार गार होऊ द्यायचा, त्यात ही चकती आणि थोडं आधीचं आंबट पाणी घालायचं, तोंडाला मलमल बांधायची आणि आठ-दहा दिवस हलवायचं नाही. वर नवी चकती धरते. “पण साडू,” मी म्हटलं, “चहा तर तुम्ही घरातून हद्दपार केलात.” ते गोंधळले. मग म्हणाले, “हा चहा राहत नाही, अण्णा. तो सुधारतो.”

पोलादपूरच्या घरी बरणीची जागा कपाटावर ठरली. थंडी पडली तशी साडूंनी तिला नलूची शाल गुंडाळली. घरमालकीणबाई माडीवर राहायच्या. त्यांच्या कानावर ‘कोंबुचा’ गेला तो ‘कोंबडीचा’ होऊन. त्या जिना उतरून आल्या. “मास्तर,” त्या सगळ्याच नोकरदारांना मास्तर म्हणत, “जागा देतानाच सांगितला होता, घरात कोंबडी चालायची नाय.” साडूंनी त्यांना बरणी हुंगायला दिली. बाई दोन पावलं मागे सरल्या. “कोंबडी परवडली! ही तर दारू हाय!” पुढे नव्या चकत्या इतक्या धरू लागल्या की साडू त्या वाटायला लागले. डोंगरावरच्या एका वाडीत त्यांनी एका म्हातारीला कौतुकाने बरणी दिली, कृती सांगितली. पुढच्या खेपेला विचारलं, घेता का? म्हातारी म्हणाली, “पाजली तिला. दूध वाढला नाय, पण म्हस खुशीत हाय.”

आणि ज्या नलूसाठी हा सगळा खटाटोप, तिला यातला एक थेंबही मिळाला नाही. साडूंची काळजी आड आली. आधी स्वतःवर प्रयोग करून पाहू, म्हणून ते स्वतः रोज प्यायचे. त्याने त्यांना जळजळ सुरू झाली. ती त्यांनी लपवली आणि पुन्हा पहिल्यापासून प्रयोग सुरू केला. माझ्या दुकानातून लिटमसचे कागद नेले. बरणी उजेडात धरून तासन्‌तास बघायचे. नलूने हात पुढे केला की म्हणायचे, “थांब गं, अजून खात्री नाही.”

थंडी ओसरत आली तेव्हा नलूला आठवा लागला. एका सकाळी दुकानात फोन वाजला. साडू असणार म्हणून मी आवाज नीट बेताचा लावला, तर पलीकडे नलू. ती कधी फोन करायची नाही. “भाऊजी, ताईला घेऊन या. पायांना सूज आहे, तोंडही सुजलंय. डोकं फुटतंय आणि डोळ्यांपुढे काजवे येतायत. हे म्हणतात, मिठाने होतं.” मी दुकान तसंच उघडं टाकलं. शेजारच्या ट्रॅक्स जीपवाल्याला उठवलं, बायकोला घेतलं आणि निघालो. वाटेत बायको सारखी ड्रायव्हरच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघत होती.

नलू खुर्चीत बसली होती, पाय घमेल्यातल्या कोमट पाण्यात. साडू खाली उकिडवे बसून तिचे घोटे चोळत होते. आम्हाला बघून त्यांना आनंद झाला नाही. “उतरतेय सूज, अण्णा. शहाळ्याचं पाणी दिलंय, सातूचं दिलंय. सकाळपेक्षा उतरलीय, बघा तुम्ही.” मला तरी काही उतरलेलं दिसेना. बायको म्हणाली, आधी दवाखान्यात चला. साडू म्हणाले, “नेऊ ना. संध्याकाळपर्यंत बघू. नैसर्गिकरीत्या उतरतंय तर उगाच कशाला…”

“उतरली नाही,” नलू म्हणाली. “मला दाराच्या जागी दोन दारं दिसतायत. अहो, एखाद्याची गाय अडली आणि तो म्हणाला संध्याकाळपर्यंत बघू, तर तुम्ही त्याला काय म्हणता?”

साडूंचे हात थांबले. घमेल्यातलं पाणी तेवढं हललं.

“सांगा ना.”

“गाईचं मला कळतं गं,” ते कसंबसं बोलले. “तुझं मला काही कळत नाही. तिथे नेलं की… मागच्या वेळी तिथेच…”

“मागच्या वेळी मीही होते तिथे,” नलू म्हणाली. “मला न्या.”

साडू उठले. तिला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः उचलून गाडीत बसवलं. महाडला डॉक्टरीणबाईंनी हाताला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, पुन्हा एकदा बघितला, आणि नर्सला हाक मारली ती अशा सुरात की ती हातातलं टाकून धावत आली. “बाळ आजच काढावं लागेल. आणखी थांबला असतात तर…” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मला वाटतं, साडू ते पुढे कित्येक वर्षं मनात पुरं करत राहिले. मग बाईंनी विचारलं, घरी काय काय दिलंय? साडूंनी नाचणीपासून सगळं सांगितलं आणि कोंबुचाही सांगितला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तो हिने घेतला?” “नाही. अजून तपासतोय.” “नशीब! पोटुशी बाईला असलं घरी आंबवलेलं काही द्यायचं नसतं. तुमची काळजी निदान एका कामी तरी आली.”

दुपार कशी गेली सांगता येत नाही. साडू व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभे होते. एरवी शंभर प्रश्न विचारणाऱ्या माणसाने त्या दुपारी एकही विचारला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटत होती. दार उघडलं, मुलगी झाली म्हणाले. दोन तळहातांत मावेल एवढी. नलूचा रक्तदाब अजून खाली येत नव्हता, तिला औषधांवर ठेवलं होतं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि साडूंना म्हणाल्या, “शर्ट काढा.” साडू पांढरे पडले. बाही वर करून हात पुढे केला आणि म्हणाले, “मला पण इंजेक्शन?” बाई त्या धावपळीतही हसल्या. “बाळ लहान आहे, त्याला माणसाच्या अंगाची ऊब हवी. आईला आत्ता जमणार नाही. तुम्ही घ्या, छातीशी, अंगाला अंग लावून. याच्याहून नैसर्गिक माझ्याकडे काही नाही.”

साडू खुर्चीत टेकून बसले, नर्सने ते एवढंसं पिल्लू त्यांच्या उघड्या छातीवर ठेवलं, आणि माझ्या बायकोने वरून जुनं लुगडं गुंडाळलं. त्यानंतर ते हलले नाहीत. खोकला आला तो गिळला. कपाळावर माशी बसली ती मी उडवली. बायकोने चहाचा कप ओठांना लावला. महिनोन्‌महिने न घेतलेला चहा ते बिनतक्रार प्यायले. मध्येच डोळ्यांनी मला जवळ बोलावलं. “अण्णा, श्वास घेतेय ना?”

“तुमच्या छातीवर आहे. तुम्हालाच कळणार.”

“कळतंय. पण तुम्ही सांगा.”

“घेतेय,” मी म्हटलं. ते मला त्या दिवशी आणि पुढचे कितीतरी दिवस सांगावं लागलं. नलू सावरली, मुलगी आईच्या दुधावर हळूहळू भरली. दोघी घरी गेल्या तोवर कपाटावरच्या बरणीवर हिरवा बुरा चढला होता आणि घरमालकीणबाईंनी ती परसात रिकामी केली होती. नलूने विचारलं, “तुमची बरणी कुठंय?” साडू मुलीचे पाय तळव्यात धरून बसले होते. “कसली बरणी?” म्हणाले.

मुलगी पहिलीत गेली त्या वर्षी साडूंच्या बदलीचा हुकूम आला, लांब मराठवाड्यात. जाण्याआधी तिला रायगड दाखवू म्हणून आम्ही सगळे गडाच्या पायथ्याला, हिरकणीवाडीला गेलो. मुलीला रोपवेतूनच जायचं होतं. साडूंनी तिथल्या माणसाला दोराची जाडी विचारली, वारा विचारला, दोर कधी बदलतात विचारलं. तो म्हणाला, “सायब, रोज चालतंय, काय नाय होत.” साडूंना ते पुरलं नाही, पण मुलगी आत जाऊन बसलीसुद्धा होती. ते दारात घुटमळले. “मी पायऱ्यांनी येतो. माझं वजन कशाला उगाच.” नलूने कपाळावर हात मारला आणि त्यांच्यासोबत मागे राहिली. रोपवेचा पाळणा सुटला. मुलगी माझ्या आणि बायकोच्या मध्ये, काचेला नाक लावून खाली बघत होती. नलू हात हलवत होती. साडूंनी दोन्ही हात वर केले होते, पण ते हलत नव्हते. तळवे उघडे, तसेच. गावातली घरं लहान झाली, रस्ता लहान झाला, ते दोघंही लहान झाले, तरी ते हात काही खाली आले नाहीत.

“काका,” मुलगी म्हणाली, “बाबा असे काय उभे आहेत?”

“तुला धरलंय त्यांनी,” मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं, काकांची गंमत.