सोमवारची उघडी कार्डं

रूथबाई साळवे यांची माझी पहिली भेट घाटकोपरला, रविवारच्या उपासनेत झाली. मी नगरकडून नवीनच आलो होतो आणि अंधेरीच्या एका स्टुडिओत सुतारकाम करीत होतो. उपासना आटोपल्यावर पांढऱ्या पातळातल्या एक बाई वही घेऊन पुढे आल्या. "सलाम, दादा. नाव सांगा, पत्ता सांगा." मी सांगितला. बाईंना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत, म्हणून त्या वहीची हकिकत लिहायला बसलो आहे. माझं शिक्षण बेताचं, वाचायला शिकलो तो रद्दीच्या कागदांवर. भाषा सांभाळून घ्यावी.

बाई मुलींच्या शाळेत शिकवतात. रविवारी उपासनेला कोण दिसलं नाही ते ध्यानात ठेवायचं आणि सोमवारी शाळा सुटल्यावर त्या प्रत्येकाला पोस्टकार्ड टाकायचं, हा त्यांचा नेम. कार्डात उपदेश नसे. 'तुमची जागा रिकामी दिसली. खोकला कमी आहे का? तुमच्यासाठी येशूजवळ मागणं केलं आहे. धीर सोडू नका.' एवढंच. आमच्यातले एक कंपाउंडर बायको वारल्यावर कुणाशी बोलेनासे झाले. बाईंनी त्यांना ओळीनं अकरा सोमवार कार्डं टाकली. पुढच्या रविवारी ते आले, मागच्या बाकावर बसले. बाई म्हणाल्या, "आलात? पंख्याखाली बसा."

माझ्या बाबतीत मात्र निराळंच झालं. अंधेरीच्या चाळीत ख्रिस्ती माणसाला खोली देत नसत. म्हणून मी तिथं यशवंत जाधव झालो होतो. हे बाईंना ठाऊक नव्हतं. मी दोन रविवार गेलो नाही आणि कार्ड आलं. पोस्टमन गॅलरीत ओरडला, "योहान जाधव कोण?" शेजारचे सावंतबापू म्हणाले, "हंय यशवंत आसा, योहान नाय." मग कार्ड या हातातून त्या हातात गेलं. संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा येशूचं नाव साऱ्या मजल्याला कळलं होतं, आणि माझंही.

मी तडक घाटकोपर गाठलं. "बाई, तुमच्या कार्डानं माझी वाट लागली. पाकीट घालायला काय झालं होतं?"

बाई खाली बसल्या. म्हणाल्या, "चुकलं माझं. न विचारता तुमच्या दारात तुम्हांला हाक मारली." दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून त्या आमच्या चाळीत आल्या. माझी एस्तेर तेव्हा चार वर्षांची. बाईंनी तिला विचारलं, "नाव काय गं तुझं?" पोरगी म्हणाली, "घरात एस्तेर. गॅलरीत आशा." बाईंनी तिला जवळ घेतलं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

चाळीचे मालक आले, मजला जमला. मालक म्हणाले, "बाई, साहेब लोक गेले. आता तुम्हीही परत आमच्यात या की!"

"परत कुठून येऊ?" बाई म्हणाल्या. "मी गेले कुठं होते? माझी आजी नगरच्याच मातीत पुरली आहे. येशूला मानते ते साहेबासाठी नव्हे. हे खोटं बोलले, ते चुकलेच. पण खरं सांगून यांना खोली मिळाली असती का?"

"मिशनवाली बाई भाषण झकास देते," मागून कुणीतरी बोललं. लोक हसले. सावंतबापू तेवढे म्हणाले, "बाईंचा काय चुकला, ता सांगा मरे." पण खोली गेली ती गेलीच.

पावसाळाभर मी, बायको आणि एस्तेर असे तिघं बाईंच्या दोन खोल्यांत राहिलो. एस्तेर त्यांच्या कुशीत झोपे. उपासनेच्या मंडळीत मात्र बाईंना बोलणी बसू लागली. परक्यांची एक वेळ सोसवतात, ही आपल्यांची होती. "या बाई लोकांना उघड्यावर आणतात. एकाचं घर घालवलं, आता कुणाचं?" त्या सोमवारी बाई शाळेतून आल्या आणि दौत न उघडता बसून राहिल्या. पुढच्या सोमवारीही तेच.

"योहानदादा, थकले हो मी," त्या म्हणाल्या. "धीर द्यायला जाते आणि माणसं बेघर होतात. आता नाही लिहीत."

त्या मोडल्या असत्या तर कंपाउंडरांसारख्यांचं काय झालं असतं? आणि बोट दाखवायला माझंच घर होतं. मी पोस्टात गेलो, कार्डं आणि पाकिटं दोन्ही आणून त्यांच्यापुढे ठेवली. "लिहा. फक्त आधी विचारत चला. आणि पहिलं कार्ड मला टाका."

"तुम्ही तर इथंच राहता!"

"तरी टाका. उघडं टाका."

त्यांनी टाकलं. पोस्टमननं दारात माझं नाव पुकारलं तेव्हा मी "हो" म्हणालो. लिहायला सोपं आहे. म्हणताना घाम फुटला होता.

तेव्हापासून बाई प्रत्येकाला विचारतात, "कार्ड की पाकीट?" पाकीट म्हणणारेच जास्त. त्यांना बाईंनी कधी कमी लेखलं नाही. पाकिटावर साधं नाव घालतात, आत तेवढ्याच मायेनं लिहितात. शाळेत मिशनवाली म्हणून अजून टोमणे बसतात, बढती दुसऱ्याच बाईंना गेली. बाई मान खाली घालून वह्या तपासतात आणि सोमवारी दौत उघडतात. उत्साहानं करतात असं मी म्हणणार नाही. पाय सुजलेले असतात, पुष्कळदा डोळे मिटत असतात. तरीही करतात, याचंच मला नवल वाटतं.

मला पुढे मुलुंडला खोली मिळाली, खऱ्या नावावर. दाराची पाटी मीच कोरली. आता एस्तेर शाळेत जाते. गॅलरीतही तिचं नाव एस्तेरच.

प्रभूनं रूथबाईंना उदंड आयुष्य द्यावं, पायांची सूज उतरवावी, डोळ्यांना उजेड द्यावा. त्यांना विश्रांती द्यावी असंही लिहिणार होतो, पण ती त्या घेणार नाहीत. म्हणून ज्यांना ज्यांना त्यांचं कार्ड किंवा पाकीट आलं, त्या सर्वांना माझी विनंती आहे. या सोमवारी आपण बाईंना लिहू या. ज्यांची अडचण असेल त्यांनी पाकीट घालावं, बाई समजून घेतील. माझं कार्ड उघडंच जाईल. खाली सही तिघांची, एस्तेरची सर्वांत मोठ्या अक्षरात.

योहान जाधव, मुलुंड