वर्ध्याचा दाखला

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अर्धं माहीत आहे, कारण त्या अर्ध्यात तोही होता. उरलेलं अर्धं त्यालाही माहीत नाही. आणि सांगायचं आहे ते तेच. पण एकदम तिथे जायला जीभ रेटत नाही, तेव्हा जरा आडवळणाने येते. चालेल ना?

दोन हजार पाच सालची गोष्ट. आम्ही नेपरव्हिलला राहायचो, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, दोघंही एच-वन या नोकरीच्या व्हिसावर. माझे बाबा नागपूरला दादाकडे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबांना एक्याऐंशीवं लागलं होतं आणि मे महिन्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं दादाने ठरवलं. बाबांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही. या वेळी मात्र फोनवर म्हणाले, तू असशील तरच करू. मी शेंडेफळ ना!

सुट्टी होती दोन आठवडे. आणि त्याच दोन आठवड्यांत आमचं इटली ठरलेलं होतं — टस्कनी, मैत्रीण अनघा आणि तिचा नवरा सतीश यांच्याबरोबर. द्राक्षांच्या मळ्यात राहायचं, रोज एका वायनरीची टूर, टेस्टिंग. अनघाने जानेवारीपासून प्रिंटआउट काढून फाइल केली होती. एकीकडे हे, आणि दुसरीकडे नागपूरचा मे, चाळीस नातेवाईक आणि 'अजून काही नाही का गं?' हा ठरलेला प्रश्न. काय करायला हवं होतं ते मला कुणी सांगायला हवं होतं का? नव्हतं.

मी सांगितलं, स्टॅम्पिंगचा प्रॉब्लेम आहे.

हा शब्द उच्चारला की इकडच्या माणसाला तिकडे कुणी पुढे काही विचारत नाही. अमेरिकेबाहेर पडलं की परत यायला पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का लागतो, तो देतील न देतील, लोक महिनोन्‌महिने अडकतात, नोकऱ्या जातात — घरोघरी कुणाची तरी अशी गोष्ट ऐकलेली असतेच. माझा शिक्का पासपोर्टवर होता. पुढची दीड वर्षं चालणारा. त्याच पासपोर्टवर इटलीचा व्हिसा घ्यायला मी शिकागोला रांगेत उभी राहिले, आणि दुसऱ्या दिवशी बाबांना म्हटलं, माझं अडकलंय हो.

तेवढ्यावर थांबायचं ना? नाही. खोटं जरा पातळ वाटायला लागलं म्हणून त्यात भर घातली. म्हटलं, जन्माचा दाखला मागतायत आणि माझ्या दाखल्यावर नावच नाही. हे मात्र खरं होतं. माझा जन्म आजोळी, वर्ध्याला. नगरपालिकेच्या नोंदीत नुसतं 'मुलगी' लिहिलेलं. त्या काळच्या पुष्कळांचं तसं आहे, ग्रीन कार्डाच्या वेळी बघू म्हणून सगळेच पुढे ढकलतात. मी ते खरं उचललं आणि खोट्याला टेकू दिला. अंगापेक्षा हुशारी जास्त, दुसरं काय!

बाबा म्हणाले, कार्यक्रम दिवाळीनंतर ठेवू, तोवर तुझं होईल. आमंत्रणं गेली होती. एकेकाला फोन करून त्यांनी ती परत फिरवली. आणि मला वाटलं, सुटले.

आता इटली. खरं सांगू? आवडलं. फार आवडलं. दगडी तळघरातला तो थंडावा, माणसापेक्षा उंच लाकडी पिंपं, आंबूस ओला वास. मालकाची मुलगी आम्हाला शिकवायची — ग्लास दांड्याला धरायचा, वाइन गोल फिरवायची, नाक आत घालायचं, घोट तोंडात खेळवायचा आणि बाजूच्या भांड्यात थुंकायचा. ते शेवटचं आम्हा चौघांतल्या एकालाही जमेना. तोंडात घेतलेलं टाकायचं नाही असं लहानपणापासून ऐकलेलं! आम्ही आपले गिळत होतो आणि फिदीफिदी हसत होतो.

पण शनिवार जवळ येत होता. दर शनिवारी सकाळी आठला मी नेपरव्हिलहून बाबांना फोन करायची. सात वर्षांत एकही शनिवार चुकला नव्हता. हा चुकला असता तर त्यांनी आमच्या घरी फोन लावला असता, तो कुणी उचलला नसता, मग दादा, मग आमच्या ओळखीच्या चार घरी फोन, आणि मग? इटलीचे तीन म्हणजे नेपरव्हिलचे आठ म्हणजे नागपूरचे साडेसहा. हा हिशोब मी शुक्रवारपासून मनात घोकत होते. शनिवारी टेस्टिंगच्या मधूनच उठले. हातातला ग्लास हातातच राहिला. अंगणातल्या ऑफिसात फोन होता, माझ्याकडे कॉलिंग कार्ड होतं.

"चहा झाला का गं?" बाबांनी विचारलं. त्यांच्या लेखी माझ्याकडे सकाळ होती ना.

"घेतेय," मी म्हटलं.

तेवढ्यात गावातल्या चर्चची घंटा वाजायला लागली. एक, दोन, तीन. मी रिसीव्हरवर हात धरून उभी. ते म्हणाले, घंटा कसली? मी म्हटलं, रेल्वेचं फाटक पडतंय. नेपरव्हिलला फाटक आहे, तिथे घंटा वाजते, हेही खरंच. कशी सुचतात हो माणसाला ही खरी खरी उत्तरं?

मग ते म्हणाले, "आत्ताच वर्ध्याहून आलो. मिळाला बेटा तुझा दाखला. नावासकट."

मग ते सांगत राहिले, अगदी खुशीत. तीनदा गेले होते, बसने, दादाला न सांगता. पहिल्यांदा कारकून म्हणाला, रजिस्टर सापडत नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, जन्माच्या वेळी हजर असलेल्या दोन माणसांचं प्रतिज्ञापत्र आणा. बाबांनी माझ्या थकलेल्या मामीला आणि तिच्या शेजारच्या काकूंना रिक्षात घालून कोर्टात नेलं, सह्या करवल्या. तिसऱ्यांदा दाखला हातात. एक्याऐंशीव्या वर्षी, विदर्भातल्या मे महिन्यात. वर मलाच म्हणाले, खिशात कांदा ठेवला होता, डोक्याला ओला दुपट्टा होता, उन्हाची काळजी करू नको.

"आता तुला कुणी अडवणार नाही," म्हणाले.

आम्ही परतलो तेव्हा पाकीट येऊन पडलेलं होतं. आत दाखला, आणि चिठ्ठी — दोन झेरॉक्स जास्तीच्या काढल्या आहेत, लागतात. शिरीषला मी सांगितलं, दादाने काढून पाठवला.

बाबा नवरात्रात गेले. झोपेत. उन्हामुळे गेले असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणत नाही. पण त्या तीन फेऱ्यांनंतर ते एकटे कधी बाहेर पडले नाहीत, हे दादाने मला नंतर सांगितलं. मी निघाले दुसऱ्या दिवशी. दादाने विचारलं, व्हिसाचं काय केलंस? म्हटलं, इमर्जन्सीत देतात. तेरा दिवस पासपोर्ट उशाखाली ठेवून झोपले, कारण त्यात इटलीत शिरल्याचा आणि इटलीतून निघाल्याचा, दोन्ही शिक्के होते. भेटायला येणारी प्रत्येक बाई मला जवळ घेऊन म्हणायची, व्हिसापायी बिचारीचं बाबांना भेटणं राहून गेलं. मी मान खाली घालायची. आणि त्यांना वाटायचं, रडतेय.

दोन हजार आठला ग्रीन कार्डाची कागदपत्रं मागवली. वकीलबाई म्हणाल्या, भारतातले दाखले इतके नीट सहसा नसतात. तोच दाखला लागला. कार्ड आलं.

झालं. आता मला जिथे यायचं होतं तिथे आले.

त्या शनिवारी फोन ठेवल्यावर मी अंगणात किती वेळ उभी होते? जेमतेम मिनिटभर. आता आत जाऊन शिरीषला सांगावं, सामान भरावं, रोमहून मुंबईचं तिकीट बघावं — हे सगळं डोक्यात आलं. मुंबई तिथून एका रात्रीवर होती. शिक्का होता, सुट्टीचे सहा दिवस हातात होते. दार उघडून मी आत गेले. शिरीष म्हणाला, काय म्हणाले बाबा? म्हटलं, काही नाही, नेहमीचंच. मालकाच्या मुलीने नवी बाटली उघडली होती. मला वाटलं होतं, आता घशाखाली उतरायची नाही.

उतरली. छान होती. मी ग्लास पुन्हा पुढे केला.